चार हजार रुपये आणि एक मेंढी : दोन भावंडांच्या वेठबिगारीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिक जिल्ह्यातल्या एका कातकरी कुटुंबाचं आहे. मुलं, पाडा आणि मालक यांची ओळख पटेल असे तपशील बदलले किंवा गाळले आहेत. बाल न्याय कायद्याचं कलम ७४ तसं बंधन घालतं, आणि ते नसतं तरी आम्ही हेच केलं असतं. मानवी तस्करी म्हटलं की मुंबईतली वेश्यावस्ती किंवा परदेशात नेऊन फसवलेले तरुण डोळ्यांसमोर येतात. इथे ना कुणी सीमा ओलांडली, ना कुणाला बांधून नेलं. बापाने हात धरून मुलगा सोपवला. म्हणूनच या प्रकरणात पहिला प्रश्न हा होता, की याला तस्करी म्हणायचं का.

पार्श्वभूमी

केंद्र सरकारने महाराष्ट्रातल्या तीन जमातींना विशेष दुर्बल आदिवासी गट मानलं आहे : कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड. खैराच्या झाडापासून कात काढणं हा कातकऱ्यांचा जुना धंदा. जंगलावर निर्बंध आले तसा तो संपला. जमीन बहुतेकांकडे नव्हतीच. आजही कित्येक पाड्यांवर झोपडी दुसऱ्याच्या मालकीच्या जागेत असते. दिवाळीनंतर वीटभट्टीवर नाहीतर कोळसाभट्टीवर जायचं आणि पावसाच्या तोंडाला परतायचं, असं वर्ष चालतं. पावसाळ्यात भातलावणीची मजुरी, ओढ्यातले मासे, चिंबोऱ्या आणि रानभाज्या. लावणी उरकली की श्रावण-भादव्यात घरात दाणा नसतो. भट्टीमालक उचल, म्हणजे कामाआधीचे आगाऊ पैसे, घेऊन पाड्यावर येतात ते याच दिवसांत.

या कुटुंबात आई-बाप आणि तीन लेकरं. २०२१ च्या उन्हाळ्यात भट्टीचा हिशोब झाला तेव्हा हातात काही आलं नाही, उलट बाकी अंगावर निघाली. पावसाळ्यात आई तापाने पडली. दवाखान्याला पैसे हवे होते. शेजारच्या पाड्यावरच्या एकाने रस्ता दाखवला. त्याने आपली मुलं आधीच पलीकडे, नगर जिल्ह्यातल्या एका मेंढपाळाकडे ठेवली होती. बोली अशी झाली : चार हजार रुपये रोख, वर्ष भरलं की एक मेंढी, आणि थोरला मुलगा वर्षभर मेंढ्यांमागे. थोरला तेव्हा दहा-अकरा वर्षांचा असेल. जन्माची नोंद कुठेच नव्हती.

मेंढपाळांबद्दलही लिहायला हवं, नाहीतर चित्र एकांगी होईल. दुष्काळी पट्ट्यातली ही कुटुंबं वर्षाचे सात-आठ महिने घोड्यांवर बिऱ्हाड लादून फिरतात. रात्री कळप शेतात बसवायचा आणि त्या खताबद्दल शेतकऱ्याकडून धान्य किंवा पैसे घ्यायचे, यावर त्यांचं चालतं. बहुतेक जण घरच्याच माणसांवर कळप सांभाळतात. पण दीड-दोनशे मेंढ्यांना पुढे एक, मागे एक आणि कोकरांपाशी एक माणूस लागतो. मोठ्या गड्याला साल, म्हणजे वर्षाची ठरलेली मजुरी, द्यावं लागतं. पोराला भाकरी घातली की भागतं.

वर्ष भरलं. मेंढी मिळाली, ती आजारी होती. महिन्याभरात मेली. मालकाचं म्हणणं पडलं की मेंढी त्याने धडधाकट दिली होती, तुम्ही राखली नाही. मेलेल्या मेंढीची किंमत बापाच्या नावावर चढली. थोरला परत आला नाहीच, आणि ती किंमत फिटेपर्यंत म्हणून कोकरं सांभाळायला धाकटीलाही नेलं. ती नऊ वर्षांची होती.

प्रश्न कसा समोर आला

२०२२ च्या सप्टेंबरमध्ये नाशिक जिल्ह्यातल्याच दुसऱ्या एका कातकरी मुलीचा मृत्यू झाला. तिलाही नगर जिल्ह्यात मेंढ्या राखायला ठेवलं होतं आणि मरणासन्न अवस्थेत घरी आणून टाकलं होतं. बातमी पाड्यापाड्यावर पोचली. त्यानंतर थोड्याच दिवसांत या भावंडांची आई ओळखीच्या बाईला घेऊन आम्हा कार्यकर्त्यांकडे आली. तिची मागणी एवढीच होती : माझी दोन्ही पोरं जिवंत आहेत का, ते बघून या.

मुलाशी तिचं बोलणं फोनवर व्हायचं, पण फोन मालकाच्या हातात आणि स्पीकरवर. मुलगी फोनवर येतच नसे. कळप कुठे आहे हे बापाला माहीत नव्हतं, कारण वाडा, म्हणजे मेंढपाळांचा मुक्काम, दर दोन-तीन दिवसांनी हलतो. बाप गप्प बसून होता. पोलिसांत गेलं तर आपल्यालाच आत टाकतील ही त्याची भीती, आणि ती अगदीच निराधार नव्हती.

समोर असलेले पर्याय

चार वाटा होत्या. प्रत्येकीवर बोलणं झालं, वादही झाले.

बापाने गुपचूप जाऊन मुलांना घेऊन यावं, ही पहिली. त्या काळात बातम्यांमुळे मालक धास्तावलेले होते, त्याने बहुधा मुलं सोडलीही असती. आईचा कल याच वाटेकडे होता, आणि तिला चूक म्हणण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. पण मग कर्ज तसंच राहतं, मुलांच्या कामाचा कुठेही पुरावा उरत नाही, आणि पुढच्या श्रावणात त्याच दारात तोच मध्यस्थ उभा राहतो.

अपहरणाची तक्रार ही दुसरी. ती टिकणार नव्हती. मुलं बापानेच दिली होती.

तिसरी बालमजुरीची. २०१६ च्या दुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवणं हा दखलपात्र गुन्हा आहे : सहा महिने ते दोन वर्षं कैद किंवा वीस ते पन्नास हजार दंड. कामगार कार्यालयाकडून हे लवकर झालं असतं. पण या कायद्याला मूल कामावर होतं एवढंच दिसतं, ते कशापायी होतं हे दिसत नाही. उचल, मेंढी, तिची चढवलेली किंमत, सगळं बाजूलाच राहिलं असतं.

चौथी वाट वेठबिगारी निर्मूलनाच्या १९७६ च्या कायद्याची, आणि तिच्या जोडीला भारतीय दंड संहितेच्या तस्करीच्या कलम ३७० ची. वेठबिगारीच्या कायद्यात दोन गोष्टी फार मोलाच्या आहेत. कलम ६ प्रमाणे असं कर्ज जागच्या जागी संपतं. आणि कलम १५ प्रमाणे, कर्ज वेठबिगारीचं आहे असं मजुराने म्हटलं की ते तसं नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर येते. ज्याच्याकडे कागदाचा एक चिटोरा नाही अशा माणसाला याहून मोठा आधार नाही.

राहिला तस्करीचा प्रश्न. संयुक्त राष्ट्रांचा २००० सालचा पालेर्मो प्रोटोकॉल भारताने २०११ मध्ये स्वीकारला. त्यात मुलांपुरतं स्पष्ट म्हटलं आहे की शोषणासाठी मूल नेलं वा ठेवून घेतलं एवढं पुरतं. फसवणूक किंवा जबरदस्ती दाखवावी लागत नाही. आपल्या कलम ३७० मध्ये, जे २०१३ मध्ये नव्याने घातलं गेलं, मार्गही, म्हणजे मूल कशाच्या जोरावर मिळवलं तेही, दाखवावा लागतो. पोलीस ठाण्यातला पहिला आक्षेप हाच होता : ‘जबरदस्ती कुठे आहे? बापानेच पाठवलंय.’ त्याचं उत्तर त्याच कलमात आहे. ज्याचा त्या व्यक्तीवर ताबा आहे त्याची संमती मिळवण्यासाठी पैसे किंवा लाभ देणं, हा तस्करीचा एक मार्ग म्हणून तिथे लिहिलेला आहे. बापाला दिलेले चार हजार आणि मेंढी यांना ते वाक्य जसंच्या तसं लागू पडतं. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी न्याय संहिता आली. तिच्या कलम १४३ मध्येही हा मजकूर आहे. ठाण्यात जाताना तो छापून न्यावा, तोंडी सांगून भागत नाही.

चौथी वाट धरायची ठरली. आईची एकच अट होती, मुलं आधी ताब्यात यावीत आणि कागद मागाहून. ती सर्वांनी मान्य केली.

काय केलं

वाडा शोधणं हे पहिलं काम. मालकाला फोन केला असता तर मुलं एका रात्रीत नातेवाइकाच्या वाड्यावर गेली असती. म्हणून चौकशी शेतकऱ्यांकडे केली. कळप कुणाच्या रानात बसतो ते गावात सगळ्यांना माहीत असतं. खतासाठी कळप बसवून घेतलेल्या एका शेतकऱ्याने नीट ठिकाण सांगितलं. आपल्या बांधावरचं ते कातकरी पोर त्याने रोज पाहिलं होतं, त्याला ते खटकतही होतं, पण कुणी विचारलं नव्हतं.

प्रांताधिकाऱ्यांना लेखी अर्ज दिला. त्यांनी तहसीलदार, पोलीस आणि महिला कर्मचारी यांचं पथक केलं. जिल्हे दोन असल्यामुळे हद्दीवरून एक दिवस गेला. पथक सकाळी लवकर पोचलं. वाघरीच्या जाळीत मेंढ्या अजून बसलेल्याच होत्या. मुलगी जाळीच्या कडेला पोत्यावर दोन कोकरांना धरून निजली होती. मुलगा जागा होता, बाभळीच्या शेंगा पाडायची आकडी त्याच्या हातात होती. चल, असं त्याला म्हटल्यावर तो निघाला, पण आकडी खाली ठेवेना. हरवली तर मामा हिशोबात धरतील, असं तो पुन्हापुन्हा सांगत होता. मालकाला तो मामा म्हणायचा. त्याच्या टाचा फुटून रक्त सुकलं होतं. पाठीवर जुने वळ होते.

इथे प्रकरणाचा सगळ्यात नाजूक टप्पा आला. त्याच दिवशी, मालक समोर असताना, मुलाने सांगितलं : मामा चांगले आहेत, मी माझ्या मनाने आलो. जबाब एवढ्यावर थांबला असता तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पाड्यावरची एक बाई आमच्याबरोबर होती. ती त्याच्याशी कातकरी बोलीत बोलत राहिली. तिनेच सुचवलं की आज काही विचारू नका, पोरांना जेवू घाला आणि झोपू द्या. तहसीलदारांनी ते ऐकलं. दुसऱ्या दिवशी, मालकापासून दूर, आईच्या शेजारी बसून मुलगा तासभर बोलला. कोकरू दगावलं तेव्हा काय झालं, रात्री लांडग्यासाठी कसं जागावं लागायचं, बहीण पहिला महिनाभर कशी रडायची, सगळं. तो दुसरा जबाब या प्रकरणाचा पाया आहे.

मुलांना चोवीस तासांच्या आत बाल कल्याण समितीपुढे हजर केलं. वय ठरवायला कागद नव्हता, म्हणून जिल्हा रुग्णालयात वैद्यकीय तपासणी झाली. समितीने मुलांना शहरातल्या बालगृहात ठेवलं. नियमाला धरून होतं, पण पाड्यापासून तिथे जायला दोन गाड्या बदलाव्या लागत आणि आईला तेवढं भाडं जमत नसे. आधीच घराबाहेर राहिलेली मुलं पुन्हा घराबाहेर. समितीपुढे हे मांडल्यावर जवळच्या आश्रमशाळेत दोघांना प्रवेश देऊन सुट्टीत घरी पाठवायचं ठरलं.

गुन्हा नोंदवताना कलम ३७०, वेठबिगारी कायद्याची कलमं, बाल न्याय कायद्याचं कलम ७९ आणि अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा ही सगळी लागली. अत्याचाराच्या कलमामुळे तपास उपअधीक्षकांकडे गेला. तपासाचा दर्जा त्याने निश्चितच सुधारला.

बाप आरोपी की साक्षीदार

बापाने पैसे घेतले, म्हणजे तोही गुन्ह्यात सामील, असं तपास अधिकाऱ्यांचं प्रामाणिक मत होतं. कायद्याच्या अक्षराकडे पाहिलं तर त्याला धरता आलं असतं. आमचा या गोष्टीला ठाम विरोध होता आणि आजही आहे. एक तर तो स्वतः भट्टीच्या उचलीखाली होता. ज्या सापळ्यात मुलगा अडकला त्याच सापळ्यात तो लहानपणापासून आहे. दुसरं, घरचा एकमेव कमावता माणूस आत गेला तर बाकीच्या लेकरांचं काय होणार हे सांगायला कुणाची गरज नव्हती. आणि तिसरं, एका बापाला अटक झाली की आसपासच्या पाड्यांवरचे सगळे आई-बाप तोंड शिवून घेतात. अजून किती मुलं वाड्यांवर आहेत हे त्यांच्याखेरीज कुणाला माहीत नसतं.

उपअधीक्षकांनी बापाला साक्षीदार केलं. त्यानंतर महिन्याभरात त्याच भागातल्या आणखी काही घरांनी आपणहून माहिती दिली आणि त्यांची मुलं परत आली. या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय कोणता, तर माझ्या मते हा.

मध्यस्थाचं मात्र काहीच झालं नाही. त्याने पैसे घेतले हे दाखवता आलं नाही, आणि त्याची स्वतःची मुलंही तशीच ठेवलेली होती. तो गुन्हेगार की त्याच फेऱ्यातला आणखी एक माणूस, यावर आमच्यातही एकमत नव्हतं.

काय निष्पन्न झालं

मालकाला अटक झाली, जामीन मिळाला, दोषारोपपत्र दाखल झालं. खटला अजून उभा राहिलेला नाही.

थोरल्याला वेठबिगार मुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. धाकटीचं अडलं : तिच्या नावावर वेगळी उचल नाही, मग ती वेठबिगार कशी, असा शेरा आला. खरं तर मेलेल्या मेंढीची किंमत हीच तिची उचल. शिवाय कायद्यात कुटुंबातल्या कुणाच्याही कर्जापोटी दुसऱ्याने राबणं हे वेठबिगारीतच येतं. हे लेखी मांडल्यावर प्रमाणपत्र निघालं, पण मधे आठवडे गेले.

या कागदाशिवाय पुढचं काहीच हलत नाही. केंद्राच्या पुनर्वसन योजनेत मुक्त केलेल्या मुलांना दोन लाखांपर्यंत, आणि तस्करीसारख्या अतिवंचनेच्या प्रकरणांत तीन लाखांपर्यंत मदत आहे. त्यातली तातडीची मदत तीस हजारांपर्यंत, आणि ती लगेच देता यावी म्हणून जिल्हाधिकाऱ्यांकडे दहा लाखांचा कायम निधी असावा अशी तरतूद आहे. प्रत्यक्षात थोरल्याची तातडीची मदत चार महिन्यांनी आली. बँक खातं नव्हतं, खात्याला आधार हवं, आधारला जन्माचा पुरावा हवा. तोवर दिवाळी होऊन गेली होती. बापाने पुन्हा भट्टीची उचल घेतली आणि आई-बाप सर्वांत धाकट्याला कडेवर घेऊन कोळसाभट्टीवर गेले. मोठी रक्कम खटल्याच्या निकालाशी जोडलेली असल्याने ती अजून दूरच आहे.

मुलं आश्रमशाळेत आहेत. मुलगी रुळली. मुलाला वयानुसार वरच्या वर्गात बसवलं, पण अक्षरओळख नसल्याने तो दोनदा पळून घरी आला. तिथल्या एका शिक्षकाने संध्याकाळी त्याला वेगळं शिकवायला घेतलं तेव्हापासून टिकला आहे.

वेगळं काय करता आलं असतं

मुलांच्या कामाचा मोबदला ताबडतोब वसूल करण्याची सोय आपल्याकडे व्यवहारात नाही, ही मोठी उणीव. ब्राझीलने १९९५ मध्ये कामगार निरीक्षक, सरकारी वकील आणि पोलीस यांची फिरती पथकं केली. पथक मळ्यावर पोचलं की मजुरांच्या थकलेल्या मजुरीचा हिशोब तिथेच मांडतं आणि मालकाकडून वसूल करतं. पुढे सुटलेल्या मजुराला तीन महिने बेकारभत्ताही मिळू लागला. आमच्या पथकात तहसीलदार, पोलीस सगळे होते. किमान वेतनाच्या दराने वर्षभराचा हिशोब करून मालकापुढे ठेवणारा कामगार अधिकारी मात्र नव्हता. तो सोबत असता आणि ते पैसे हाती आले असते, तर त्या दिवाळीत उचल घ्यावी लागली नसती असं मला वाटतं.

दुसरा धडा नेपाळचा. तिथल्या पश्चिम तराईत थारू आदिवासी कुटुंबं माघी सणाच्या सुमाराला मुलींना वर्षाच्या बोलीवर जमीनदारांकडे किंवा शहरातल्या घरांत पाठवत. या मुलींना कमलरी म्हणत. काही संस्थांनी अगदी साधा मार्ग काढला : मुलीला घरी ठेवा, शाळेचा खर्च आम्ही करतो, आणि तिच्या मजुरीच्या बदल्यात तुम्हाला डुकराचं पिल्लू किंवा बकरी देतो. वर्षभर पोसून विकलं की घराला तेवढेच पैसे मिळत. अशा हजारो मुली घरी राहिल्या. २०१३ मध्ये एका कमलरी मुलीच्या मृत्यूनंतर आंदोलन झालं आणि सरकारने ही प्रथा बंद झाल्याचं जाहीर केलं. पण त्याआधी, २००० साली मुक्त केलेल्या कमैया, म्हणजे कर्जापोटी जमीनदाराकडे राबणाऱ्या, मजुरांना जमीन वेळेवर न मिळाल्याने ते वर्षानुवर्षं छावण्यांत पडून राहिले, हेही त्याच देशात घडलं.

आमच्या पाड्यावरचा व्यवहारही एका मेंढीवरच ठरला होता. तेवढी रक्कम श्रावणाआधी हातात पडली असती, खावटी, म्हणजे टंचाईच्या दिवसांतली सरकारी मदत, असो वा बिनव्याजी कर्ज, तर थोरला गेलाच नसता. आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयाकडे अशा योजना आहेत. त्या कागदांवर अडतात, आणि कागद नाहीत म्हणून ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच बाहेर राहतात. जातीचे दाखले आणि रेशनकार्डं यांची शिबिरं आमच्या भागात २०२२ मधल्या त्या दुसऱ्या कातकरी मुलीच्या मृत्यूनंतर झाली, आणि ती चांगली झाली. एका आठवड्यात तिथे जेवढे दाखले निघाले तेवढे आधी वर्षभरात निघत नसत.

तिसरी गोष्ट दक्षता समितीची. १९७६ च्या कायद्याच्या कलम १३ प्रमाणे जिल्ह्याला आणि उपविभागाला अशी समिती असते, तिच्यात अनुसूचित जाती-जमातींचे प्रतिनिधी असतात. ती बहुधा घटना घडल्यावर बसते. तिची एक बैठक मृगाच्या आसपास, भट्ट्यांवरून माणसं परतल्यावर, पाड्यावरच घ्यावी अशी आमची मागणी आहे. त्या वेळी अंगावर बाकी कुणाच्या आहे आणि कोणतं मूल शाळेच्या पटावर असून घरी नाही, हे एका दुपारी कळतं. हजेरीपटाची प्रत मुख्याध्यापकांनी बैठकीला आणावी एवढंच लागतं. मागणीचा अर्ज प्रांत कार्यालयात दिलेला आहे. त्यासोबत आम्ही सहा पाड्यांची यादी जोडली आहे, आणि त्या यादीत अजून घरी न परतलेल्या मुलांची वयंही लिहिली आहेत.